सेल्फ-वॉटरिंग डब्यातले टोमॅटो: वर हिरवं, खाली सडका वास

टेबलावरची_बाग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

मुलगा शिकायला बाहेर गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. खिडकी उत्तरेला, ऊन नावाला नाही. त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर मी दोन सेल्फ-वॉटरिंग डबे मांडलेत. २० लिटरच्या दोन बादल्या एकात एक. खालच्या बादलीत पाणी. वरच्या बादलीच्या बुडाला मोठं भोक, त्यातून भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा डबा खाली पाण्यात सोडलेला, त्यात माती दाबून भरलेली. समईतल्या वातीसारखी ती माती पाणी वर ओढते. पाणी ओतायला कडेने पाइप आणि जास्तीचं पाणी निघून जायला खालच्या बादलीला एक भोक. वर ग्रो लाइट, टायमरवर १६ तास चालू, ८ तास बंद. (रात्री खिडकीतून जांभळा उजेड दिसतो. समोरच्या बाईंनी दोनदा विचारून झालंय, "आत नक्की काय पिकवता हो?" टोमॅटो म्हटलं तर विश्वास बसला नाही.)

माती 'जिवंत' हवी म्हणून रासायनिक काही नाही. कोकोपीट, गांडूळखत आणि पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) समसमान. प्रत्येक बादलीत मूठभर निंबोळी पेंड, मूठभर बोनमील, दोन मुठी जिप्सम. सगळं ओलसर करून महिनाभर झाकून मुरवलं, मग गांडुळं सोडली आणि वर सुक्या पानांचं आच्छादन केलं.

पहिले ५० दिवस दृष्ट लागावी अशी रोपं. आज ७१वा दिवस. खालची पानं एकेक करून पिवळी पडताहेत. पहिल्या घोसातले तीन टोमॅटो बुडाशी काळे, चामड्यासारखे झाले. बारीक काळी चिलटं पानांखालून उठतात. आणि काल पाइपला नाक लावलं तर सडक्या अंड्याचा वास!

गंमत म्हणजे हे सगळं १ नंबरच्या डब्यात जास्त. २ नंबर मागे कोपऱ्यात असतो, त्यात पाणी घालायचं मी कायम विसरते, आणि तोच बरा आहे. माती एकाच ढिगातली, रोपं एकाच पाकिटातली. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नवशिका_माळी

ताई, बूड काळं पडणं म्हणजे कॅल्शियमची कमतरता. अंड्याची टरफलं वाटून घाला. माझा असाच प्रश्न सुटला होता.

टेबलावरची_बाग

टरफलं दहा दिवसांपूर्वीच मिक्सरमधून काढून घातली. फरक शून्य. चिलटांना मात्र आवडलेली दिसतात.

वाफसा_हवा

ताई, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. ज्या डब्याला पाणी घालायला विसरता तो बरा आहे, मग रोग कसला ते उघड आहे. पण आधी एक सांगा. ओव्हरफ्लोचं भोक नेमकं कुठे पाडलंय? वरच्या बादलीच्या बुडापेक्षा खाली की वर? अंदाजाने नको, पट्टी लावून बघा.

टेबलावरची_बाग

मोजलं. बुडापेक्षा ३ सेंटिमीटर वर आहे. दोन्ही डब्यांना. पाणी जास्त मावेल म्हणून मुद्दाम वर पाडलं होतं. चुकलं का?

वाफसा_हवा

तिथेच चुकलं. आता जरा लांबण लावतो, सवड काढून वाचा.

या डब्यात फक्त वात पाण्यात बुडायला हवी. पाण्याचा पृष्ठभाग आणि वरच्या बादलीचं बूड यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर हवा राहिली पाहिजे. तुमच्याकडे टाकी भरली की वरच्या बादलीतली खालची तीन सेंटिमीटर माती सरळ पाण्यात उभी असते. त्याच्या वरचा थरही केशाकर्षणाने जवळजवळ तितकाच चिंब. १ नंबरमध्ये तुम्ही पाणी हटूच देत नाही, म्हणजे तिथे ७१ दिवस चिखल आहे. २ नंबरची टाकी तुमच्या विसरभोळेपणामुळे अधूनमधून रिकामी होते, माती खालून श्वास घेते.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तीच ही गोष्ट. मातीत पाणी नको, ओल हवी. कणाभोवती ओलावा आणि कणांमधल्या पोकळीत हवा. जमिनीत पाऊस उघडला की वाफसा आपोआप येतो, कारण पाणी खाली निघून जातं. या डब्यात पाणी खालूनच येतं, ते जाणार कुठे? म्हणून इथे वाफसा आपण डबा बनवताना बांधायचा असतो.

आता तुमची लक्षणं. वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवा संपली की काही जिवाणू सल्फेटमधल्या ऑक्सिजनवर जगतात आणि हा वायू सोडतात. त्यांना खायला सेंद्रिय पदार्थ लागतो आणि सल्फेट लागतं. तळाशी गांडूळखत आहे, आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेटच. तुम्ही त्यांना ताट वाढून दिलंत. हा वायू मुळांना विषारी असतो.

पानं पिवळी पडतात ती खत कमी म्हणून नव्हे. त्याच चिखलात दुसरे जिवाणू नायट्रेटचा ऑक्सिजन काढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. जे उरतं ते गुदमरलेल्या मुळांना उचलता येत नाही. झाड मग खालच्या जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं. यावर घाबरून आणखी खत टाकलं की तळाच्या जिवाणूंची चंगळ.

बूड काळं पडतं ते फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून, इथवर माळीबुवांचं बरोबर आहे. पण मातीत तो नाही असं नाही. दोन मुठी जिप्सममध्ये पुष्कळ आहे. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतो, पानं जास्त पाणी ओढतात म्हणून त्यांना आधी मिळतो, फळाच्या टोकाला शेवटी. मुळं अर्धवट झाली की पहिली उपासमार तिथेच. आणि टरफलं विरघळायला काही महिने घेतात, दहा दिवसांत त्यांचं काही होत नाही.

आता करायचं काय? १ नंबरची टाकी आजच रिकामी करा. नवं भोक वरच्या बादलीच्या बुडाच्या २ सेंटिमीटर खाली पाडा. जुनं बुजवायची गरज नाही, पाणी आता त्याच्यापर्यंत चढणारच नाही. तळाजवळ हवेसाठी वरच्या बादलीच्या कडेलाही सात-आठ बारीक भोकं. टाकी तीन आठवडे कोरडी ठेवा, तोवर वरून बेताचं पाणी घाला. काळी पडलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत, झाड मात्र त्यांना पोसत राहतं.

पुढच्या वेळी वातीत आणि तळाच्या चार बोटं थरात गांडूळखत अजिबात नको. तिथे फक्त कोकोपीट आणि पर्लाइट. खत, पेंड, बोनमील सगळं वरच्या थरात. जिवंत माती म्हणजे जीव जिथे श्वास घेतील तिथे. पाण्यात बुडवून ठेवलं की जीव असतात, पण भलतेच.

चिखल्या

वाफसादादांशी बाकी सहमत, पण टाकी कोरडी ठेवण्याबद्दल सावध करतो. माझी एकदा पूर्ण वाळली. कोकोपीटची वात कडकडीत कोरडी झाली, आणि नंतर टाकी भरली तरी पाणी वर चढेना. खाली चार लिटर पाणी आणि वर झाड माना टाकून. दोन दिवस मला कळलंच नाही. शेवटी वरून हळूहळू पाणी घालून वात परत भिजवावी लागली. मी तेव्हापासून टाकी रिकामी होऊ देत नाही, आणि माझ्याकडे वास नाही.

वाफसा_हवा

तुमचं भोक योग्य जागी असेल, म्हणून वास नाही. टाकी सुकवा म्हटलं, माती सुकवा असं म्हटलेलं नाही. आजारी डब्याला वरून पाणी चालू आहे, ते वातीपर्यंत उतरतं. धडधाकट डब्यात टाकी संपली की एक-दोन दिवस थांबून भरायची, बस. बादली उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा, आठवडाभरात हात शिकतो.

चिखल्या

मान्य. (माझं भोक आत्ताच जाऊन पाहिलं. खाली आहे. नशीब.)

कुंडीतली_कावेरी

चिलटांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी. ताई, ती फंगस नॅट असणार. उडणारी त्रास देत नाहीत, त्यांच्या अळ्या ओल्या मातीतली बुरशी खातात आणि नंतर कोवळी मुळंसुद्धा. खात्री करायची तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून दोन दिवस ठेवा आणि उलटून बघा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या चिकटलेल्या दिसतील. पिवळे चिकट सापळे लावा, पण त्यात नुसते मोठे अडकतात. अळ्यांसाठी बीटीआय (चिलटं-डासांच्या अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) पाण्यात मिसळून वरून द्या आणि दर आठवड्याला देत राहा, कारण अंड्यांतून नवीन निघत राहतात. विकत घेताना नीट बघा, पानं खाणाऱ्या अळ्यांसाठीचं बीटी वेगळं, ते इथे चालत नाही.

आणि टरफलाचा थर काढून टाका हो, आतला पातळ पापुद्रा सडतो.

अवांतर: त्या समोरच्या बाईंना पहिला पिकलेला टोमॅटो नेऊन द्या.

टेबलावरची_बाग

सगळ्यांचे आभार. १ नंबरला भोक पाडायला घेतलं, पण टाकी आधी रिकामी करायची हे लक्षातच राहिलं नाही. ड्रिल आत गेलं आणि धार थेट टेबलाच्या खणात. मुलाच्या अकरावीच्या वह्या आता दोरीवर वाळताहेत. त्याला अजून सांगितलेलं नाही, इथे कोणी ओळखत असेल तर गप्प बसा.

एक शंका. आता वरून पाणी घालतेय तर मातीवर पांढरट पापुद्रा होता तो विरघळून गेला. ती बुरशी होती का?

वाफसा_हवा

कापसासारखा असेल तर बुरशी. मिठासारखा कडक असेल तर क्षार. या डब्यात पाणी कायम खालून वर जातं, वर वाफ होऊन उडतं आणि क्षार मागे ठेवतं. जड पाणी असेल तर लवकर दिसतं. दीड-दोन महिन्यांतून एकदा वरून भरपूर पाणी सोडून ओव्हरफ्लोमधून वाहू द्यायचं, आणि टाकीतलं ते पाणी ओतून द्यायचं. बादली मोरीत नेऊन करा. खणाजवळ नको.

टेबलावरची_बाग

२४ दिवसांनी परत येतेय.

२ नंबर सुधारला. नवी पानं गर्द हिरवी आहेत, दुसऱ्या घोसात सात फळं, एकाचंही बूड काळं नाही. बटाट्याच्या चकतीवर पहिल्यांदा अकरा अळ्या होत्या, काल एक.

१ नंबर गेला. दहाव्या दिवसापासून माती ओली असूनही लाइट लागला की झाड मान टाकायचं आणि रात्री सावरायचं. मग एक दिवस सावरलंच नाही. शेवटी बादली उलटी केली. वाफसादादांनी जे लिहिलं ते एखाद्या कापलेल्या केकसारखं समोर दिसलं. तळाची चार बोटं माती निळसर काळी, त्यातली मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढली की साल निघून यायची आणि आत दोरा उरायचा. त्याच्या वर एक भुरकट पट्टा. आणि सगळ्यात वरच्या थरात पांढरी शुभ्र मुळं. सगळी गांडुळंसुद्धा तिथेच, आच्छादनाच्या पानांखाली एकमेकांत गुंतून बसलेली. त्यांना कधीचं कळलं होतं. वास इतका की ह्यांनी न बोलता घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

गांडुळं दुसऱ्या टोपलीत काढली आहेत. काळी माती टाकवत नाही, महिनाभर मुरवलेली. वापरता येईल का?

वाफसा_हवा

वास दोन-चार दिवसांत उडेल. पातळ पसरा आणि रोज हात फिरवा, काळी माती परत तपकिरी होईल. पण मुळं कुजलेली होती, म्हणून तिच्यात टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका. कंपोस्टच्या ढिगात जाऊ दे. वरचा पांढऱ्या मुळांचा थर मात्र सोनं आहे, तो नव्या डब्यात वरच घाला.

टेबलावरची_बाग

घमेल्यात पसरली आहे. नवा डबा भरायला घेतला, तळाला कोकोपीट-पर्लाइट, भोक २ सेंटिमीटर खाली. यावेळी भोक आधी पाडलं, पाणी नंतर.

आणि कावेरीताई, समोर टोमॅटो नेऊन दिला. त्यांनी उलटा करून आधी बूड पाहिलं.