युद्धपूर्व जपानमधली दडपशाही: दोष एकट्या लष्कराचा नाही

इतिहासवेडा
जपानमधल्या त्या काळच्या धरपकडीचं खापर आपण लष्करावर फोडून मोकळे होतो. मला हे पटत नाही. १९२५चा शांतता रक्षण कायदा काटो ताकाआकी यांच्या पक्षीय सरकारने आणला. त्याच वर्षी, त्याच संसदेने २५ वर्षांवरच्या पुरुषांना मताधिकारही दिला! सम्राटकेंद्री राज्यव्यवस्था बदलू पाहणारी किंवा खासगी मालमत्ता नाकारणारी संघटना काढली, तर १० वर्षांपर्यंत कैद. अंमलबजावणीला गृहखात्याचे राजकीय पोलीस, ‘तोक्को’, १९११पासून तयारच होते. १५ मार्च १९२८ला त्यांनी कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून दीड हजारांवर माणसं उचलली. लष्कराचं वर्चस्व वाढवणारी मांचुरियावरची (ईशान्य चीन) चढाई तेव्हा तीन वर्षं दूर होती.

सह्यकडा
असहमत. फाशीची तरतूद १९२८ला आली ती सम्राटाच्या तातडीच्या हुकुमाने, कारण संसदेत विधेयक अडलं होतं. दोष सम्राटाला असे हुकूम काढू देणाऱ्या तेव्हाच्या मेइजी राज्यघटनेचा आहे. शिवाय अटक झालेल्यांपैकी खटले भरले गेले फार थोड्यांवर. शेजारी नुकतीच रशियन क्रांती झालेली, सरकारला वाटणारी भीती खोटी नव्हती. हिटलरच्या जर्मनीच्या पंगतीला जपानला बसवू नका.

पाऊलखुणा
खटले थोडे म्हणून राजवट सौम्य? लेखक कोबायाशी ताकिजी यांना २० फेब्रुवारी १९३३ला टोकियोत पकडलं आणि त्याच दिवशी ते कोठडीत मेले. वय २९. पोलीस म्हणाले हृदयविकार. अंगभरचे काळेनिळे वळ घरच्यांनी पाहिले. आणि खटल्यापेक्षा पोलिसांना हवं होतं ‘तेन्को’, म्हणजे विचार सोडल्याची कबुली. त्याच वर्षी सानो आणि नाबेयामा या कम्युनिस्ट नेत्यांनी तुरुंगातून तशी कबुली दिली, मग रांगच लागली. सुटलेल्यांवर नजर ठेवायला १९३६चा वेगळा कायदा. १९४१पासून तर शिक्षा भोगून झाली तरी डांबून ठेवायची सोय. जपानच्या ताब्यातल्या कोरियात शांतता रक्षण कायदा स्वातंत्र्य मागणाऱ्यांवर चालवला, ते तर आपण मोजतही नाही.

इतिहासवेडा
@सह्यकडा, तो हुकूम मार्च १९२९ला कनिष्ठ सभागृहाने मंजूर केला. नाकारता आला असता. विरोध करणारे खासदार यामामोतो सेन्जी यांचा त्याच रात्री एका उजव्या कार्यकर्त्याने खून केला.

सह्यकडा
मंजुरी दिली हे खरं. पण १९४१च्या संसदेत दम कुठे उरला होता? तो काळ लष्कराचा. दोन्ही काळ एकाच मापाने मोजू नयेत.

पाऊलखुणा
मग तत्त्वज्ञ मिकी कियोशी कुठल्या काळात बसवायचे? शरणागती १५ ऑगस्ट १९४५ची. ते शांतता रक्षण कायद्याखालीच तुरुंगात होते आणि तिथेच २६ सप्टेंबरला मेले. लष्कर हरलं होतं, तरी त्यांना सोडायचा हुकूम कोणी काढला नाही. कायदा गेला तो ऑक्टोबरमध्ये, तोही अमेरिकनांनी भाग पाडलं म्हणून.