फेलोशिपची रक्कम आणि ती हातात पडण्याचा महिना
नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधन फेलोशिपची मासिक रक्कम 31,000 वरून 37,000 रुपये झाल्यामुळे पीएच.डी.कडे ओढा वाढला, हा अनेकदा मांडला जाणारा तर्क मला उलटा वाटतो. शासनाच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार 2014-15 मध्ये 1.17 लाख असलेले पीएच.डी.चे विद्यार्थी 2021-22 मध्ये 2.12 लाखांवर गेले होते, आणि फेलोशिपमधली वाढ तर जानेवारी 2023 पासूनची आहे. शिवाय केंद्रीय विद्यापीठांत नेटविना संशोधन करणाऱ्यांना मिळणारे दरमहा 8,000 रुपये या वाढीने जागचे हलले नाहीत. राज्य विद्यापीठांतल्यांना तर तेही लागू नाहीत.

चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे, जेआरएफधारकाची हजेरी संस्थेने दरमहा कॅनरा बँकेच्या पोर्टलवर नोंदवायची असते आणि तीही दोन टप्प्यांत: एकाने माहिती भरायची, दुसऱ्याने मंजूर करायची. आमच्या विभागातला मंजुरी देणारा अधिकारी दीर्घ रजेवर गेला, पासवर्ड कोणाकडेच नव्हता, आणि मी चार महिने घरमालकाला तारखा देत राहिलो. पुढे थकबाकी एकरकमी जमा झाली, पण तोवर खानावळीची उधारी मित्राने भागवली होती. जाहीर होणारी रक्कम आणि ती हातात पडण्याचा महिना यांतले हे अंतर कोणत्याही सर्वेक्षणात दिसत नाही.