सड्यावरच्या पावसाळी सर्वेक्षणासाठी दणकट हँडहेल्ड: आयपी ६८ बघून घ्यावा का?

कातळफूल:
राजापूर भागातल्या सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) जून ते ऑक्टोबर वनस्पतींच्या नोंदी घ्यायच्या आहेत. १ मीटर बाय १ मीटरचे चौकोन आखायचे आणि दर पंधरवड्याला तेच चौकोन शोधून पुन्हा नोंद करायची. फॉर्म ओडीके कलेक्ट या नोंदी भरायच्या ॲपमध्ये आहे, नकाशा क्यूफील्ड या नकाशाच्या ॲपमध्ये. दिवसाचं काम ७-८ तासांचं, बरेचदा भर पावसात. सड्यावर आडोसा नाही आणि चार्जिंग संध्याकाळी मुक्कामीच. तीन पर्याय समोर आहेत: आयपी ६८चा (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन) रग्ड अँड्रॉइड फोन, कीपॅडवाला आयपी ६७चा हँडहेल्ड (किंमत जवळजवळ तिप्पट), नाहीतर साधा फोन आणि वॉटरप्रूफ पाउच. आकडा मोठा म्हणजे उपकरण चांगलं, असं धरावं का? आणि आतल्या जीपीएसवर चौकोन परत सापडेल का?

गॅस्केट:
आकड्यावरून निवडू नका. आयपी ६७ म्हणजे धूळ पूर्ण बंद आणि १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं. ६८मध्ये खोली आणि वेळ उत्पादकच ठरवतो, म्हणून माहितीपत्रकात ते दोन आकडे वाचा. जोराच्या धारेची चाचणी वेगळी असते, ती आयपी ६५/६६. बुडवण्याच्या चाचणीत पास झालेलं उपकरण धारेतही टिकेल असं नाही. सड्यावर वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस बघता ‘आयपी ६६/६८’ असे दोन्ही आकडे लिहिलेलं उपकरण बरं.

पण काम अडतं ते पाणी आत गेल्यामुळे नव्हे, टचमुळे. फोनच्या कपॅसिटिव्ह (बोटाचा स्पर्श विजेने ओळखणाऱ्या) काचेवर थेंब पडला की तिला ते बोट वाटतं. ओघळ खाली सरकला की स्वाइप होतो, फॉर्म पुढच्या प्रश्नावर जातो आणि ‘आच्छादन टक्के’च्या रकान्यात भलताच आकडा बसतो. हे मुक्कामी परतल्यावरच कळतं, तोवर चौकोन ३ किलोमीटर मागे राहिलेला असतो. त्यासाठी तीन गोष्टी करा:

ओडीकेच्या सेटिंगमध्ये स्वाइप बंद करून पुढे-मागे जायला बटणं ठेवा. एकपर्यायी प्रश्नांना ‘क्विक’ लावलं असेल तर काढा. त्यात पर्यायाला स्पर्श होताच फॉर्म आपोआप पुढे सरकतो. आणि आकड्यांच्या प्रश्नांना मर्यादा घाला, ० ते १०० च्या बाहेरचं काही घेऊच नये.

खरेदीआधी दुकानातच काचेवर फवारणीच्या बाटलीने पाणी मारा, पुसू नका आणि तुमचा फॉर्म भरून बघा. ‘वेट टच’ किंवा ‘ग्लोव्ह मोड’ असेल तर तो चालू करून पुन्हा भरा. पाच मिनिटांत उत्तर मिळतं. कीपॅडवाल्याचे जास्तीचे पैसे इथेच वसूल होतात, कारण आकडे कळांनी भरता येतात.

मिल-एसटीडी-८१० या दणकटपणाच्या लष्करी मानकाच्या शिक्क्याबद्दलही सांगतो. त्यातली नेहमीची पाडण्याची चाचणी म्हणजे १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा, काँक्रीटवर ठेवलेल्या प्लायवुडवर. जांभा म्हणजे प्लायवुड नव्हे. त्याच्या टोकावर काच पडली तर तो शिक्का कामाचा नाही. मनगटाचा पट्टा आणि काचेपेक्षा वर आलेली रबरी कड, हे दोन्ही हवंच.

ओलपारखी:
वरच्याशी सहमत. उपकरणं मरतात ती मात्र चार्जिंगच्या भोकातून. ओल्या यूएसबी-सीत केबल लावली की ५ व्होल्टचा दाब आणि पाणी मिळून पिना गंजायला लागतात. खारट हवेत हे आणखी लवकर. संध्याकाळचा क्रम असा ठेवा: गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसायचं, रबरी झाकण उघडून भोक खाली करून झटकायचं, तासभर पंख्याखाली ठेवायचं आणि मगच केबल. हेअर ड्रायर नको, गरम हवेने सील सैल होतात. पाठीवर धातूच्या टिकल्यांवर चार्ज होणारं, पाळण्यात ठेवायचं मॉडेल मिळालं तर हा प्रश्नच मिटतो.

बॅटरी काढता येणारी असेल तर बदल फक्त कोरड्या जागी करा. झाकणाच्या रबरी कडीवर, म्हणजे गॅस्केटवर, एक केस किंवा गवताची काडी अडकली तरी पाणी आत जायला वाट मिळते. बंद करण्याआधी कडेवरून बोट फिरवून बघा.

कवचाला एक बारीक भोक असतं, त्यामागे हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा असतो. माती काढायला त्यात टाचणी घालू नका. उपकरण तापलेलं असताना एकदम गार पाणी पडलं की आतली हवा आकसते. हा पडदा तुंबला असेल तर तीच हवा सीलमधून पाणी ओढते.

क्षमतेचा हिशेब: ५००० एमएएच म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. स्क्रीन आणि जीपीएस चालू असताना २ वॉट धरले तर ९ तास. नव्या बॅटरीत दिवस निघतो, वर्षभर वापरलेलीत कसाबसा.

रोव्हर४३:
चौकोन आतल्या जीपीएसवर सापडणार नाही. उघड्या सड्यावर उपग्रह छान दिसतात, तरी साधारण ३ ते ५ मीटरचा फरक राहतो. एल१ आणि एल५ दोन्ही वारंवारता घेणारा चिपसेट असला तर फरक कमी होतो, पण १ मीटरच्या चौकोनाला तोही पुरत नाही. सेंटिमीटरची अचूकता हवी तर ब्लूटूथने जोडलेला आरटीके रिसीव्हर (जागच्या जागी दुरुस्ती घेणारा जीपीएस) आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्याची, म्हणजे कायमच्या संदर्भ केंद्रांची, दुरुस्ती. त्याला मोबाइल डेटा लागतो, सड्यावर नेटवर्क आधी तपासा.

स्वस्त आणि खात्रीचा उपाय: जमीनमालकाची परवानगी घेऊन चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जांभ्याला ६ मिलिमीटरचं भोक, त्यात प्लग आणि स्टेनलेस स्क्रू, खाली क्रमांकाची ॲल्युमिनियम पट्टी. शिवाय जवळच्या दोन ठळक दगडांपासून टेपने अंतरं लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये गवत वाढलं की जीपीएस तुम्हाला जवळ नेईल, टेप स्क्रूवर नेईल.

क्यूफील्डचा प्रकल्प ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाच्या निर्देशांक पद्धतीत ठेवा. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडे, तो ३२६४४ होतो. जुना प्रकल्प उचलताना हे चुकतं. आणि उंचीचा रकाना वापरणार असाल तर ती लंबगोलावरची (जीपीएस मोजतं त्या, पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) आहे की समुद्रसपाटीपासूनची हे आधी ठरवा. कोकण किनाऱ्यावर दोन्हींत साठेक मीटरचा फरक पडतो.

कातळफूल:
आभारी आहे. मग पाउचचा पर्याय पूर्ण बाद समजू?

गॅस्केट:
मुख्य म्हणून बाद. आत वाफ धरते, फोटो धुरकट येतात आणि प्लास्टिक काचेला चिकटलं की टच बिघडतो. राखीव फोनसाठी चालेल. दोन कीपॅडवाले, एक रग्ड फोन असं घ्या आणि प्रत्येकाच्या खिशात वॉटरप्रूफ कागदाची वही आणि शिसपेन्सिल असू द्या. फॉर्ममधल्या प्रश्नांचा क्रम वहीच्या रकान्यांशी जुळवून ठेवा, म्हणजे रात्री भरताना उलटसुलट होणार नाही.