पीएलए-पीबॅटची पिशवी उभी फाटते, काय मिसळू?

सांगलीकर: आमचं छोटं ब्लोन फिल्मचं युनिट आहे, वितळलेलं प्लॅस्टिक हवेने फुगवून कंपोस्टेबल पिशव्यांची फिल्म काढतो. ३० टक्के पीएलए (कडक), ७० टक्के पीबॅट (लवचिक), दोन्ही कंपोस्ट होणारी प्लॅस्टिकं; फिल्मची जाडी ३० मायक्रॉन. पिशवी वजन पेलते, पण वांग्याचं देठ टोचलं की तिथून तळापर्यंत सरळ उभी फाटते. पावसाळ्यात तर फिल्मचा फुगा, म्हणजे बबलही धड राहत नाही. मालवाला म्हणतो मऊ करणारा प्लॅस्टिसायझर टाका. टाकू का? स्वस्त भराव म्हणून खडूची पूड वाढवून दरही उतरवायचाय.

दाणेवाला: प्लॅस्टिसायझर नको. सायट्रेटसारख्या प्लॅस्टिसायझरने पीएलए मऊ होतं खरं, पण ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि गठ्ठ्यातल्या पिशव्या एकमेकींना चिकटतात. लवचिकपणाला तुमच्याकडे पीबॅट आहेच की! अडचण वेगळी आहे. हे दोघं एकजीव होत नाहीत. पीएलएचे थेंब पीबॅटमध्ये सुटे राहतात, फिल्म ओढताना लांबून तंतू होतात आणि चीर त्या तंतूंच्या कडेने धावते.

आधी दाणे वाळवा. दोन्ही पॉलिएस्टर, ओले वितळवले की रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, वितळ पातळ होते आणि बबल डुलायला लागतो. ओलावा २५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५०) खाली हवा. साधा हॉट एअर ड्रायर पावसाळ्यात दमट हवाच गरम करून देतो, हवेतली ओल शोषून घेणारा डेसिकंट ड्रायर घ्या. मग इपॉक्सीवाला चेन एक्स्टेंडर, अर्ध्या टक्क्यापासून. तो तुटलेल्या साखळ्या सांधतो आणि दोघांच्या सीमेवर गाठी बांधतो. जास्त झाला तर जेल धरतं, फिल्मवर फिश आय, म्हणजे बारीक गाठींचे ठिपके दिसतात. ब्लो-अप रेशो (फुग्याचा व्यास साच्याच्या तोंडाच्या किती पट) ३च्या आसपास नेऊन बघा, ओढ दोन्ही दिशांना वाटली जाईल.

खतवाली: खडू स्टिअरिक अॅसिडचा लेप दिलेला घ्या आणि तोही कोरडा, नाहीतर दाणे वाळवलेले वाया. फार वाढवलात तर पिशवी पुन्हा ठिसूळ. आणि कंपोस्टेबलचं प्रमाणपत्र ठरावीक मिश्रणाला असतं, रेसिपी बदलण्याआधी विचारून घ्या. कळकळीने सांगते, स्वस्त पडतं म्हणून त्यात पॉलिथिन मिसळू नका. कंपोस्टेबल प्लॅस्टिकच्या आयएसओ १७०८८ मानकात १८० दिवसांत ९० टक्के जैवविघटन लागतं. पॉलिथिनचे तुकडे आमच्या खतात तसेच राहतात, चाळून निघत नाहीत.

सांगलीकर: ड्रायर किती अंशांवर ठेवू? दोन्ही एकत्र चालतील?

दाणेवाला: वेगळे वाळवा. स्फटिक झालेलं पीएलए ८०ला चार तास, पीबॅट ६०-६५ला. स्वतःचा पीएलए स्क्रॅप परत वापरत असाल तर तो ८०ला घालू नका, स्फटिक झालेला नसतो, ६०च्या पुढे हॉपरमध्येच चिकटून त्याचा गोळा होतो.