घरासाठी वाय-फाय राउटर कसा निवडलात? नाशिककरांनो, आपापले अनुभव लिहा

इंदिरानगरात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याला चार महिने झाले. २०० एमबीपीएसचं फायबर घेतलं. जोडणीला आलेल्या मुलाने कंपनीचा वाय-फायवाला फायबरचा डबा टीव्हीच्या मागे बसवला, फोनवर वाय-फाय लावून दिलं, सही घेतली आणि गेला. मी कामाला बसतो आतल्या खोलीत. तिथे मीटिंग सुरू झाली की आवाज तुटायचा, चित्र थिजायचं, आणि मी फोनचं हॉटस्पॉट लावायला उठायचो. रोजचंच झालं होतं. शेवटी एमजी रोडवरून सहा अँटेनांचा राउटर आणला, साडेचार हजारांचा. आतल्या खोलीत रेंजच्या काड्या वाढल्या, मीटिंगही जरा सुधारली. स्पीड मात्र अगदी राउटरशेजारी बसलं तरी ९४ च्या वर जाईना.

भाचा म्हणाला, "मामा, आधी लॅपटॉप वायरने लावून बघ." लावला, तरी ९४. म्हणजे हे दुखणं वाय-फायचं नव्हतंच. कंपनीच्या डब्यातून राउटरकडे येणारी हातभर वायर काढली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. पारदर्शक क्लिपच्या आत आठ रंगीत तारा ओळीने दिसतात. त्यातली तपकिरी तार मागेच राहिली होती, पुढच्या पिवळ्या पट्टीपर्यंत पोहोचलीच नव्हती. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, म्हणून नेट चालू होतं. त्याच्या वर जायला आठही तारा धड लागतात. कॅट सिक्सची (जास्त स्पीडच्या जातीची) नवी वायर लावली आणि त्याच जागी १९६ आले. दीडशे रुपयांचं काम!

म्हणून हा धागा. नुसतं "अमुक घ्या, मस्त आहे" लिहू नका. घर कसलं आहे, भिंती कशाच्या, प्लॅन कितीचा, राउटर कुठे ठेवलाय आणि काय चुकलं तेही लिहा. कुणाचे तरी पैसे नक्की वाचतील.

पंचवटी, जुना वाडा

आमच्या भिंती दीड हात जाड, खाली काळा दगड आणि वर विटा-माती. वाय-फायच्या दोन पट्ट्या असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा सिग्नल एक भिंत ओलांडली की संपतो. २.४ दोन भिंती जातो, पण माडीवर पोहोचेपर्यंत त्यातही काही जीव उरत नाही. सासूबाई सकाळी माडीवर प्रवचन ऐकतात, ते दर पाच मिनिटांनी अडकायचं. आधी रिपीटर घेतला, भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा असतो तो. रेंज दिसायला लागली, स्पीड मात्र अर्ध्याहून कमी. नंतर समजलं की साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुढे बोलतो, म्हणजे निम्मा वेळ ऐकण्यातच जातो. शिवाय तो आम्ही लावला होता माडीवर, जिथे मुळात सिग्नलच मरतुकडा. मरतुकडा सिग्नलच तो पुढे पाठवणार.

मग माळ्यावरून कॅट सिक्सची केबल ओढली आणि घरात पडून असलेला जुना राउटर माडीवर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेट नुसतं वाय-फायवर द्यायला, लावला. त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम, ते खालचा राउटर करतोच) बंद केलं, नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवला. आता फोन घेऊन जिना चढलं तरी कॉल तुटत नाही. वाडा असेल तर महागडा राउटर शोधत बसू नका. केबल ओढा.

सिडको, रो-हाउस

आमचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता, दिसायला बरं म्हणून. कपाटाच्या वर, मोकळ्यावर ठेवला. वरच्या खोलीत रेंज आली. बाकी काही केलं नाही, काही विकत घेतलं नाही.

कॉलेज रोड, अपार्टमेंट, चौथा मजला

आमच्याकडे भिंतींपेक्षा शेजाऱ्यांच्या राउटरचा त्रास जास्त. फोनवर वाय-फाय अॅनलायझर टाकून बघितलं तर हॉलमध्ये उभं राहून तेवीस नेटवर्कं दिसली, बहुतेक सगळी २.४ वर. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. तेवीस जण तीन रस्त्यांवर म्हटल्यावर कोंडी होणारच. त्यात किचनमध्ये मायक्रोवेव्ह लावला की तोही त्याच लहरींवर गडबड करतो, त्यामुळे बरोबर जेवणाच्या वेळी मुलीचा ऑनलाइन क्लास लटकायचा.

दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली. टीव्ही, लॅपटॉप आणि फोन ५ वर, स्मार्ट बल्ब आणि प्रिंटर २.४ वर, कारण त्यांना ५ दिसतच नाही. राउटर ड्युअल बँड, म्हणजे दोन्ही पट्ट्यांचा, हवाच. आज सिंगल बँड कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका, अशा इमारतीत तर मुळीच नको.

अंबड, हार्डवेअरच्या कामात आहे

धागा काढणाऱ्या दादांचं ९४ वाचून सांगावंसं वाटलं. कित्येक राउटर स्वतःच ९४-९५ वर अडतात, वायर चांगली असली तरी. खोक्यावर मोठ्या अक्षरात एसी १२०० असतं. त्याचा अर्थ २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७, दोन्हींची बेरीज करून आकडा गोल केलेला. पण हा आकडा हवेतला. मागची नेटची भोकं १०० चीच असतील तर आत येणारं पाणी तेवढंच. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात बघा: नुसतं १०/१०० लिहिलेलं असेल तर १०० च्या वरच्या प्लॅनसाठी तो नको, १०/१००/१००० हवं.

माझ्या घरी टीपी-लिंकचा आर्चर सी६ आहे, एसी १२०० आणि सगळी पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० ची. तीन वर्षं झाली, रीस्टार्टसुद्धा क्वचित करावा लागतो. आज नवा घेत असाल तर वाय-फाय ६ चा, म्हणजे एसीच्या पुढच्या पिढीचा, बघा, पण घरातले फोन-लॅपटॉप जुने असतील तर त्यांना त्याचा फार उपयोग नाही. अँटेना चार की सहा यावरून काही ठरवू नका.

पिंपळगाव बसवंतच्या पुढे, मळ्यातलं घर

आमच्याकडे नेट यायचं ते शेवटच्या खांबापर्यंत फायबरने आणि तिथून घरापर्यंत साध्या लॅन केबलने, द्राक्षाच्या मांडवाकडेने उघड्यावर, दोनशे फूट. दोन वर्षं लागोपाठ मृगाच्या विजांमध्ये राउटर गेला. दुसऱ्या वेळी वीज आमच्या घरावर पडलीच नव्हती, लांब कुठे तरी कडाडली. तरी राउटरचं नेट येणारं पोर्ट मेलं, वाय-फाय मात्र चालू. तेव्हा लक्षात आलं की दुखणं तांब्याच्या वायरीतून येतंय. केबलवाल्याच्या मागे लागून घरापर्यंत फायबर आणलं. ती काच, तिच्यातून वीज येत नाही. त्यानंतर राउटर टिकला. तरी गडगडायला लागलं की अॅडॅप्टर भिंतीतून काढतोच, कारण लाइटच्या वायरीतून झटका येऊ शकतो.

दुसरं दुखणं लाइटचं. मिनी यूपीएस घेतला, १२ व्होल्टचा. पहिला घेतला तो १ अँपिअरचा आणि राउटर १.५ चा, त्यामुळे लाइट गेली की राउटर आपोआप बंद-चालू व्हायचा. अॅडॅप्टरवर छापलेले व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. आणि यूपीएस राउटरला लावून भागत नाही, फायबरच्या डब्यालाही लावा. तो बंद पडला तर राउटर नुसताच चमकत बसतो. अॅडॅप्टर बदलायची वेळ आली तर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर पासून सुरू होणारा नंबर बघूनच घ्या. बिनखुणेच्या स्वस्त अॅडॅप्टरने माझं एक मशिन तापून गेलं आहे.

सातपूर, जोडण्या करतो

रोज पाच-सहा घरं बघतो म्हणून लिहितो. निम्म्या तक्रारींत राउटरचा दोष नसतो. डब्यावर लॉसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागला असेल तर पाच हजारांचा राउटर आणूनही नेट येणार नाही, लाइन तुटली आहे. सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात खोदकाम चालू आहे, फायबर तुटणं नेहमीचं झालंय. लाल नसून नेट मंद असेल तर फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारं पॉवर मीटर लावायला सांगा. आकडा उणे २० च्या आसपास असेल तर ठीक, उणे २७ च्या पुढे गेला की कुठे तरी वायर दाबली किंवा मुडपली आहे. कपाट सरकवताना फायबर चिमटणाऱ्या घरांची गिनती नाही. फायबरला तीव्र वळण देऊ नका, एवढं तरी पाळा.

आणि स्वतःचा राउटर घेणार असाल तर घेण्याआधी कंपनीला विचारा: पीपीपीओई आयडी-पासवर्ड (नेटचं लॉगिन) देणार का, मॅक अॅड्रेस बांधलाय का (म्हणजे ठरावीक यंत्रालाच नेट मिळेल असं), डबा ब्रिज मोडवर (म्हणजे तो नेट नुसतं पुढे देईल, बाकी काम तुमचा राउटर करेल) टाकून देणार का. हे न विचारता राउटर आणला आणि खोक्यात पडून राहिला, असं मी बघितलंय.

नाशिक रोड, निवृत्त

आम्ही दोघंच, ४० चा प्लॅन, दोन खोल्या. कंपनीने दिलेला राउटर पुरतो. मी फक्त त्याचा आतला अॅडमिन पासवर्ड बदलून घेतला, कारण सगळीकडे तोच चालतो असं कळलं. आणि नातवाने अपडेट मारून दिलं. उगाच खर्च करू नये असंही कुणी लिहावं म्हणून लिहिलं.

धागा काढणारा, इंदिरानगर

काका, तुमचा अनुभव सगळ्यात आधी वाचायला मिळायला हवा होता. सिडकोवाल्यांचं वाचून आज मी डबा टीव्हीच्या मागून काढून पॅसेजच्या मधोमध भिंतीवर लावून घेतला. फायबर चार मीटर वाढवून. आतल्या खोलीत दार लावून १४० मिळतायत, तेही कंपनीच्याच डब्यावर. सहा अँटेनांचा राउटर गावी आईकडे नेणार आहे.

पंचवटीच्या ताई, एक विचारायचं होतं. आमच्या पॅसेजपासून आतल्या खोलीपर्यंत भिंतीत लाइटचा पाइप आहे. त्यातूनच कॅट सिक्स ओढू का?

पंचवटी, जुना वाडा

लाइटच्या पाइपातून नका ओढू. आमच्या वायरमननेही नाही म्हटलं होतं. विजेच्या वायरी आणि नेटची वायर एका पाइपात ठेवत नाहीत, धोकाही असतो आणि सिग्नललाही त्रास. टीव्हीच्या केबलचा जुना पाइप असेल तो बघा, बहुतेक फ्लॅटमध्ये असतो. त्यातली जुनी वायर ओढून काढताना तिच्याच शेपटीला नवी घट्ट बांधा आणि चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे एक ओढली की दुसरी आपसूक येते. क्लिप मात्र आत ओढून झाल्यावर मारा, आधी नाही.