युद्धकाळातले रेशन आणि नंतरची टंचाई: आठवणी वेगळ्या कशा करायच्या?

प्रश्न: ठाण्याची_भाची
माझ्या आत्याचा जन्म १९३५ सालचा, आणि तिचे सगळे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. तिच्या आठवणी मी लिहून घेत आहे. रेशनच्या रांगा, खडे निवडून शिजवलेला तांदूळ, जाड्याभरड्या कापडाचे परकर यांविषयी ती भरभरून बोलते. परंतु त्याच ओघात लाल मिलोच्या (परदेशातून आलेल्या ज्वारीच्या) भाकऱ्या आणि सोमवारी रात्री चूल न पेटवण्याची गोष्टही येते. यातले दुसऱ्या महायुद्धातले किती आणि पुढचे किती, हे तिला न दुखावता कसे ओळखावे?

उत्तर: जुनी_मुंबई
सोमवारचा उपवास १९६५ चा, लालबहादूर शास्त्रींच्या आवाहनानंतरचा. मिलोही त्या सुमाराची आणि १९७२ च्या दुष्काळातली. युद्धकाळाचे मूळ निराळे आहे. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि त्यावर अवलंबून असलेल्या मुंबईत २ मे १९४३ पासून धान्याचे रेशन सुरू झाले. आत्याबाईंना तारखा विचारू नका, आजूबाजूच्या वस्तू विचारा. दुकानात भोकाचा पैसा दिला होता का? तो १९४३ पासूनचा. हवाई हल्ल्याच्या भीतीने खिडक्यांना काळे कागद लावले होते का? हिशेब आण्यांत होता की नव्या पैशांत? नवे पैसे १९५७ मध्ये आले.

एक गोष्ट मात्र विसरू नका. युद्ध १९४५ मध्ये संपले, रेशन संपले नाही. १९४६ च्या आरंभी माणशी रोजचे धान्य १ पौंडावरून १२ औंसांवर आणले गेले, डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रण उठू लागले आणि पुढच्याच वर्षी ते परत आले. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलीने पाहिलेली सर्वांत कडक टंचाई युद्धानंतरची असू शकते.

उत्तर: दादरची_आजी
मी आत्याबाईंहून वर्षाने मोठी आहे. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, दोन्ही वेळा भात खाणारे. कार्डावर तांदूळ थोडा आणि गहू-ज्वारी जास्त मिळू लागली, तेव्हा भाकरी थापायला आईला शेजारच्या घाटावरच्या काकूंनी शिकवले. धाकट्या भावाला भाकरी गिळवत नसे, म्हणून आई भाताचा पहिला वाढा त्याला देई, आणि त्याचा मला फार राग येई. आई स्वतः काय जेवत होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. आता तेच सर्वांत जास्त आठवते. आत्याबाईंना १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट नक्की आठवत असेल. घरात जेवायला काय होते, हे त्या दिवसाच्या आधी आणि नंतर असे विचारून पाहा.

उत्तर: शिवणकामवाली
कपड्यांवरून काळ अधिक नेमका सापडतो, असे माझे मत आहे. जून १९४३ च्या आदेशानंतर गिरणीच्या कापडावर कमाल किंमत छापणे बंधनकारक झाले. गरिबांसाठी काढलेले ‘स्टँडर्ड क्लॉथ’ जाड असे. माझी आई सांगे की, शिक्क्याचा तुकडा वाया जाऊ नये म्हणून तो झग्याच्या आतल्या बाजूस येईल असा बेतत, परकराला दोन-तीन दाबटिपा घालून मुलगी वाढेल तशा उसवत, आणि एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे शिवत. आजीचे नऊवारी विरले की त्याचे आधी झबले आणि उरलेल्याची गोधडी होई. परकर कोणी शिवला, कापड कोठून आले, दाबटिपा किती होत्या, हे विचारा. मिलोच्या दिवसांत आत्याबाई तिशीच्या होत्या; स्वतःच्या वाढत्या परकराची आठवण त्या काळाची असणार नाही.

ठाण्याची_भाची
आभारी आहे. भोकाचा पैसा आणि दाबटिपा या दोन प्रश्नांनी सुरुवात करते. दादरच्या आजी, आपली हरकत नसेल तर त्या स्फोटाविषयी बोलताना आत्याचा आणि आपला फोन जोडून देईन.