पंपाची लाइन: माणूस वाढवण्याआधी कामं मोजा

भाऊ, फवारणी पंपाच्या जोडणीत मोटर बसवण्यापाशी ढीग लागतो म्हणून तिथं आणखी एक माणूस द्या, असं तुम्ही सुचवलंत. मला ते पटत नाही. आधी टाक्ट टाइम, म्हणजे एका पंपामागे मिळणारा वेळ, काढा. आठ तासांतून चहा-जेवणाचा अर्धा तास वजा केला की २७,००० सेकंद. रोज ३०० पंप हवे, तर पंपामागे ९० सेकंद. सगळी कामं मिळून ३८० सेकंदांची असतील, तर भागाकार ४.२ येतो, म्हणजे लाइनवर कामाच्या किमान पाच जागा.

मग १९६१ साली हेल्गेसन आणि बर्नी यांनी मांडलेली पोझिशनल वेटची पद्धत लावा. कामाचा स्वतःचा वेळ, अधिक त्याच्यावर अडलेल्या पुढच्या सगळ्या कामांचा वेळ, हे त्याचं वजन. जड काम आधी घ्यायचं आणि क्रम न मोडता जिथं वेळ उरलाय अशा पहिल्या जागेवर बसवायचं. वीस-पंचवीस कामांना वही-पेन पुरतं. जेनेटिक अल्गोरिदम, म्हणजे संगणकावर खूप मांडण्या तपासून चांगली शोधायची पद्धत, शेकडो कामांच्या लाइनसाठी राहू द्या.

एक मात्र कळकळीनं सांगते, ९० सेकंद काठोकाठ भरू नका. आमच्या यवतमाळकडं मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी तीनला सोल्डरिंग करणाऱ्या ताईंचा हात सकाळसारखा चालत नाही. गळती तपासताना वॉशर तिरपा निघाला, तर नळी काढून पुन्हा बसवावी लागते. म्हणून वेळ दुपारीही मोजा आणि प्रत्येक जागा ८०-८५ सेकंदांवर थांबवा. मोटरची वायर आधीच्याच जागेवर सोलून घेता येते का, तेही बघा.